बुधवारी दुपारी दोन वाजता दोन ठिकाणी हजर राहण्याबाबत

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
अल्प उत्पन्न गट विज्ञान व अभियांत्रिकी विद्यार्थी यशस्विता योजना,
महाविद्यालय कार्यालय, तळमजला.

विषय : माझ्या जोडीदारणीला झालेली शिक्षा अर्धी मला देण्याबाबत.
संदर्भ : फलकावर एकाच टाचणीने लावलेल्या, आपल्याच सहीच्या दोन सूचना.

महोदय,

१. योजनेचा फॉर्म भरताना विद्युत प्रयोगशाळेच्या शिपाईकाकांनी मला बजावले होते, "ताई, सही करण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा." पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मी, मला काय शिकवतात, असे वाटून मी हसले. काका बरोबर होते.

२. पहिल्या कागदानुसार बुधवारी दुपारी दोनला प्रयोग असतात. दुसऱ्यानुसार त्याच वेळी योजनेतल्या मुलांनी 'वेळेचे नियोजन' या वर्गाला बसायचे असते. हजेरी दोन्हीकडे सक्तीची. ही अडचण मी त्या वर्गात मांडली, तेव्हा मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "वेळ नाही ही सबब असते." त्या वेळी डोक्यावरच्या मजल्यावर माझाच प्रयोग चालू होता.

३. मग मी व माझ्या प्रयोगातल्या जोडीदारणीने वेळेचे नियोजन केले. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम प्रयोग मी करायचे, सम तिने. जी वर असेल तिने वरच्या हजेरीपत्रकावर दोघींच्या सह्या करायच्या, खाली असेल तिने खालच्या. बाराही प्रयोग पूर्ण झाले. फक्त प्रत्येकीला सहाच येतात.

४. परीक्षेत मला पाचवा प्रयोग आला. सरांनी शाबासकी दिली. तिला तिसरा आला. तिने ॲमीटर एकसरीऐवजी समांतर जोडला, फ्यूज उडाला आणि सरांनी हजेरीपत्रक काढले. तिसऱ्या प्रयोगासमोरची तिची सही माझ्या अक्षरात होती. तिने मात्र "सही माझीच" असे लिहून दिले. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुझ्या पदरात लेकरू आहे, तू गप्प बस." मी गप्प बसले. आपण तिचे नाव योजनेतून कमी केले. त्याच आठवड्यात खालच्या वर्गाने तिला नियमित हजेरीचे प्रमाणपत्र दिले, तेही आपल्याच सहीचे.

५. योजना वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. योजनेने दिलेल्या कॅल्क्युलेटरचे सातचे बटण माझ्या लेकीने चावून काढले, तरी तो उत्तरे बरोबर देतो. योजनेकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. सबब विनंती की, नियमात बसत असल्यास आम्हा दोघींना मिळून एक विद्यार्थिनी धरावे व पुन्हा एकत्र परीक्षा घ्यावी. बसत नसल्यास माझेही नाव कमी करावे. अगदीच काही जमत नसल्यास खालचा वर्ग गुरुवारी घ्यावा. त्याला आपली एक सही आणि एक जादा टाचणी लागेल.

६. वर्गातली मुले तिला 'फ्यूज' म्हणू लागली आहेत. नऊ दिवस ती आलेली नाही, फोन उचलत नाही. तिचे वडील लिफ्ट चालवतात. घरातली अभियांत्रिकीला आलेली ती पहिलीच. त्यांना अजून काही माहीत नाही. माझी लेक शेजारच्या खोलीत गप्प झाली की मी हातातले टाकून बघायला जाते. इथे मला जाता येत नाही. ती राहते त्या वसतिगृहात बाहेरच्यांना मनाई आहे, त्या सूचनेवरही आपली सही आहे. आपल्याला मात्र कोणी अडवणार नाही.

कळावे, लवकर कळावे.

आपल्या योजनेची अजून तरी लाभार्थी,
(सही, या वेळी फक्त माझी)
बुधवार, दुपारी २.१० (म्हणजे दोन्हीकडे गैरहजर)

सोबत :
१) नियमित हजेरीचे तिचे प्रमाणपत्र (वर्गात तिच्यासाठी मीच घेतलेले), तिच्या वतीने परत.
२) विषम प्रयोगांची माझी वही. ही फाइलला लावू नये. खोली क्रमांक चौदाचे दार वाजवून तिच्याच हातात द्यावी. योजनेकडून आलो असे म्हणू नये, मी पाठवले म्हणावे. ती जेवते का, एवढे बघून आजच मला कळवावे.