घर सोडून जाऊ नये म्हणून

११ डिसेंबर, बावडा
आले एकदाची! पुरातत्त्वाच्या एम.ए.चं शेवटचं उत्खनन, आणि जागा कशी, तर चहूकडे ऊस नि मधे जुन्या वस्तीचं टेकाड. राहायला प्रयागकाकू आणि रामहरी तात्यांचं शेतातलं घर मिळालं. मुलं पुण्याला, दिवाळीलाही फिरकत नाहीत, त्यामुळे काकूंची सगळी माया माझ्यावर. भरीत, गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा. रोज असं जेवले तर प्रबंध राहील बाजूला आणि मीच फुगेन.

१६ डिसेंबर
हजारो वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली सांगाडा निघाला. घोट्यापासून पावलं तोडलेली! सर म्हणाले, मेलेल्या माणसानं घर सोडून जाऊ नये म्हणून तसं करत असावेत. सापडलेलं गावापर्यंत पोचवायचं, हाच माझा विषय. म्हणून संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. तव्यावर भाकरी करपली तरी त्यांचं लक्ष नाही. मग विचारलं, "मेल्यावरच तोडत व्हते, का जित्तेपणी बी?" मला हसूच आलं. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

१९ डिसेंबर
तात्यांनी पिशवी भरलीय. उद्या मुलाकडे जाणार, कायमचे. काकू जायला तयार नाहीत.

२० डिसेंबर
सरांसकट उत्खननावरचे सगळे सुट्टीला पुण्याला गेले. गावात मुलाखती घ्यायला मी एकटी मागे राहिले. दुपारी परतले तर तात्या खाटेवरच, पायांवर घोंगडी. उसात कोयता लागला, म्हणाल्या काकू. दवाखान्याचं विचारलं, तर ताटात पुरणपोळी वाढली. आज फार खुशीत आहेत.

२१ डिसेंबर
घोंगडीवर माश्या. तात्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. पोरी, जा, एवढंच म्हणाले. मी घोंगडी उचलली. घोट्यांच्या पुढे काहीच—

काकूंना म्हटलं, मी निघते. चार्जिंगला लावलेला फोन मागितला. हसल्या. "लेक हायस माझी. लेक अशी जाती व्हय?" बॅग घ्यायला खोलीत आले आणि बाहेरून कडी लागली.

२२ डिसेंबर
ओरडून घसा बसला. भोवती नुसता ऊस. खिडकीतून दिलेलं दूध कडवट होतं. आता पाय जड झालेत, उठवत नाही. फार भीती वाटतेय. आई—

मीच सांगितलं काकूला. हौसेनं.

परसात दगडावर कोयता घासतेय.

थांबली.

कडी काढतेय. किती मायेनं बोलतेय— भिऊ नगं बाळा, आता हितंच ऱ्हायचंय तुला, जरा पाय—