पुसून पाठवलेली तक्रार

चि. धाकट्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तू आता साहेब झालास, तेव्हा ‘अहो’ लिहावं की ‘अरे’ या विचारात माझा चहा गार झाला. शेवटी तुझं नाक मीच पुसलेलं आहे, म्हणून ‘अरे’. तब्येत बरी असेल असं धरून चालते. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना पुसताना वाकू नकोस, बूड टेकून एकेक पायरी खाली ये. पत्र बघून छातीत धस्स झालं असेल तर पाणी पी. आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. फोनवर बोलायला गेलं की आई कान देऊन बसते, म्हणून हा कागद. (चौथीत शाळा सुटल्यापासून मी सहीपलीकडे फारसं लिहिलेलं नाही. अक्षर लागलं नाही तर मोठ्यांदा वाच, लागेल.)

तर विषय आईच्या टॅबलेटचा. माझ्या फोनवर तुझं तोंड तिला शर्टाच्या बटणाएवढं दिसायचं आणि ती भलत्याच कोपऱ्याकडे बघून बोलायची. मी पुसते त्या कचेरीत एका टेबलावर पाटीएवढा टॅबलेट उभा असतो. म्हटलं, असा एक आईला हवा. नवा परवडेना, म्हणून जुन्या वस्तू विकणाऱ्या वेबसाइटवरून घेतला. विकणाऱ्यानं दुकानाचं नाव खात्रीचं काहीतरी ठेवलंय, म्हणून मी त्याला खात्रीवालाच म्हणते. लिहिलं होतं, नव्यासारखा, एकहाती वापरलेला, बॅटरी दिवसभर चालते. पहिल्याच दिवशी तू त्यात खांद्यापर्यंत दिसलास. आईनं तुझ्या गालाला हात लावला (त्यानं काहीतरी दाबलं गेलं आणि तू आडवा झालास, ते तुला आठवत असेल). आणि ती आपल्या छातीत भरून येतं त्याबद्दल सांगायला लागली तोच पडदा काळा.

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तेच. मी म्हटलं बॅटरी गेली. आई म्हणाली, बॅटरीला बरं कळतं मी दुखण्याचं कधी काढते ते. तिनं ठरवूनच टाकलं की तूच फोन ठेवतोस. मग तिनं तुला दुखणं सांगायचं सोडलं. मग हवापाण्याचं बोलून उठायला लागली. मग एक दिवस खुर्ची खिडकीकडे फिरवून बसली आणि मला म्हणाली, त्याला उगाच त्रास देऊ नको, कामाचा माणूस आहे. धाकट्या, ती चिडली असती तर मला चाललं असतं. ती समजूतदारपणा करायला लागली, तेव्हा मी घाबरले. म्हणून भांडायला उठले. पैशाचं नंतर बघता आलं असतं. मला त्या खात्रीवाल्याच्या तोंडून एवढंच हवं होतं की दोष यंत्राचा आहे.

वेबसाइटवर तक्रार करायची तर आधी एका मुलीशी बोलावं लागतं. फार गोड मुलगी. काहीही सांगितलं तरी म्हणते, तुमची गैरसोय झाली याचं वाईट वाटतं. मी तिला आईच्या छातीचं सांगितलं, तिला वाईट वाटलं. मी विचारलं, बाळ, जेवलीस का? तर तिनं खाली चार पर्याय दिले आणि त्यातला एक निवडा म्हणाली. तेव्हा मला कळलं की तिथं मुलगी नाही. (कचेरीत हे सांगितलं तर सगळे हसले. पण त्यांच्यातल्या कुणी मला कधी वाईट वाटतं म्हटलेलं नाही.) तर ती जी कोण होती ती म्हणाली, वस्तूचे दोष दिसतील असे फोटो पाठवा.

आता माझी चूक ऐक आणि हसायचं ते एकदाच हसून घे. खोक्यातून निघाला तेव्हा तो टॅबलेट बघवत नव्हता. कडांना काळा मळ, मागं कुणाच्या तरी पोराच्या पेनाच्या रेघा, त्यावर चिकटपट्टीचा डिंक, एका कोपऱ्याला तडा आणि तडा झाकायला फुलाचं स्टिकर. पण माझ्या हाताला वीस वर्षांची खोड. समोर मळकी वस्तू आली की डोकं विचारात पडायच्या आधी हात फडक्याकडे जातो. मी स्पिरिट लावून रेघा काढल्या, डिंक नखानं खरवडला, कडांमधला मळ टाचणीनं. स्टिकर तेवढं ठेवलं, शोभत होतं. फोटो मागितले तेव्हा मी अजून एकदा पुसला, कारण परक्या माणसांपुढे आपल्या घरातली वस्तू मळकी कशी दाखवायची? उन्हात धुतलेल्या चादरीवर ठेवून फोटो काढले. झाला निकाल. वेबसाइटनं कळवलं की वस्तू वर्णनापेक्षाही चांगल्या स्थितीत दिसते, तक्रार बंद.

मी तक्रार परत उघडली. त्यांनी परत बंद केली. मी परत उघडली. कंटाळून त्यांनी एक खरी बाई नेमली, वाद मिटवणारी. तिनं खात्रीवाल्याला माझे फोटो दाखवून विचारलं, तुमचं काय म्हणणं? आणि त्या शहाण्यानं काय लिहावं? की ह्या बाईनं वस्तू बदलली आहे, हा टॅबलेट आमचा नाहीच, आमचा एवढा स्वच्छ नव्हता, आमच्या टॅबलेटवर पेनाच्या रेघा होत्या आणि कडा काळ्या होत्या.

मी ते दोनदा वाचलं आणि कधी नव्हे ते शांतपणे बोलून लिहिलं (फोनला सांगितलं की तो लिहितो), की बाई, माझंही तेच म्हणणं आहे. रेघांचा होता आणि काळा होता, आणि नव्यासारखा म्हणून विकला. एवढं खोटं वरून दिसतं, तर बॅटरीचं न दिसणारं किती असेल? वाद मिटवणाऱ्या बाईनं थेट फोन केला. आधी हसून घेतलं, मग आवाज सरकारी केला. म्हणाली, दोन मार्ग आहेत, पैसे परत घ्या किंवा नवीन बॅटरी बसवून घ्या. मी म्हटलं, मला तिसरा पाहिजे, त्यानं येऊन माझ्या आईला सांगावं. ती म्हणाली, तसा रकाना नाही. मी म्हटलं, मग त्याचा नंबर द्या, रकाना मी पाडते.

खात्रीवाला आला. मी भांडायला पदर खोचून तयार, आणि दारात एक वाळका, ओशाळलेला माणूस, काखेत बारक्या पेचकसांची पिशवी. असल्या माणसावर ओरडायचं तरी कुठून सुरू करणार? त्यानं आईच्या खुर्चीशी जमिनीवर बसून टॅबलेट उघडला आणि फुगलेली बॅटरी तिच्या तळहातावर ठेवली. म्हणाला, “आजी, हिच्यामुळं बंद पडत होता. तुमच्या मुलानं काही केलं नाही. खोटं मी लिहिलं होतं.”

आईनं बॅटरी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, तुझी आई कुठं असते? तो म्हणाला, माझ्याच घरात, पलीकडच्या खोलीत. आई म्हणाली, “मग तुला फोन ठेवायची सोयच नाही.”

त्या संध्याकाळी ती तुझ्याशी किती बोलली ते तुला माहीत आहे. तू जांभई दिलीस तरी पडदा सुरू होता. खुर्ची पुन्हा भिंतीकडे, टॅबलेटसमोर आली. तेव्हा तक्रार मिटली, असं मी वेबसाइटला कळवलं. वहिनीला नमस्कार, गुडघ्याला शेक दे म्हणावं.

तुझी,
ताई

ता. क. वेबसाइटनं खात्रीवाल्याला तारे द्यायला सांगितले. तो खोटं बोलला त्याचे मी कापले, घरी आला त्याचे परत दिले.

ता. क. दुसरा, आणि पत्र याच्यासाठीच आहे. परवा आईनं तुला विचारलं, येतोस कधी? आणि पडदा काळा झाला. बॅटरी भरलेली होती, मी कोपऱ्यातला आकडा बघितला. आई उठून झोपायला गेली. सकाळी म्हणाली, त्या माणसाला बोलाव, बिघडलंय परत. तो आला, उघडून बघितलं, सगळं ठणठणीत. आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तो माझ्याकडे. मी फडकं पिळत होते, ते पिळतच राहिले. शेवटी तो म्हणाला, “आहे आजी, जरा बिघाड आहे. दुकानात न्यावा लागेल.” त्याच्या धंद्यात चांगल्या वस्तूला वाईट म्हणायची ही पहिलीच वेळ असावी, कान लाल झाले होते बिचाऱ्याचे. टॅबलेट घेऊन गेला. जिन्यात मला विचारलं, कधी आणून देऊ? मी सांगितलं, माझा भाऊ येऊन घेऊन जाईल, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.

दुकान सकाळी दहाला उघडतं.