तिसरा ठोकळा

बोईसर,
रविवार, २२ जानेवारी १९६७

प्रिय धर्माजी,

हे पत्र आणणाऱ्या मासळीवाल्या जमनाबाईला आधी टोपली खाली ठेवू दे, मग वाच. टोपलीत सुक्या बोंबलांखाली सहा इंची काँक्रीटचा ठोकळा आहे. वासाबद्दल तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेची आगाऊ माफी मागतो.

तू सावलीत बसून मशीनखाली ठोकळे फोडून त्यांची ताकद मोजतोस आणि मी मनोरच्या रस्त्यावर मोऱ्या बांधत धूळ खातोय, हे रडगाणं तुला पाठ आहे. पण इथे मजुरांच्या टोळीची म्होरकी बायडी आहे. घमेली मोजून काँक्रीटचा माल कालवते. एकदा मी वाळूचं एक घमेलं जास्त सांगितलं, तर तिने फावडं टाकून माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट प्रमाणाचा कागद पुन्हा पाहिला. चूक माझीच होती!

सव्वीस डिसेंबरला तिच्या टोळीने मोरीचा स्लॅब घातला. त्याच मालाचे तीन ठोकळे मी पक्के व्हायला अठ्ठावीस दिवसांसाठी पाण्याच्या टाकीत ठेवले. संक्रांतीला मोजले, तर दोनच! साहेबांच्या भीतीने माझी गाळण उडाली. तोंडात तिळगूळ असतानाच मी नवा ठोकळा भरला, वर तीन नंबर आणि सव्वीस डिसेंबर रंगवलं आणि शुक्रवारी तिन्ही तुझ्याकडे रवाना केले. आपल्या हुशारीवर आठवडाभर खूशही होतो.

काल सातपाटीला मासळी घ्यायला गेलो. जमनाबाईच्या खारवलेल्या माशांच्या पिंपावर दाब म्हणून काय होतं? माझा तीन नंबर! मोरीवर मासळी विकायला आली तेव्हा टाकीत बेवारस पडलेला चांगला चौकोनी दगड म्हणून तिने नेला होता. मिठाच्या पाण्याने भिजलेलाच होता, एवढंच नशीब.

धर्माजी, मला लाज वाटते. तो नऊ दिवसांचा पोरकट ठोकळा उद्या ताकदीत कमी भरणार. आणि एकही ठोकळा कमी भरला तर स्लॅब फोडायचा आणि बायडीच्या टोळीला घरी बसवायचं, असं साहेब कालच म्हणाले. तो बाजूला ठेव, हा फोड, आणि अहवालात लिही की बदली भगवंतने केली. साहेबांना मी आज संध्याकाळी सांगतोच आहे. माझं काय व्हायचं ते होवो.

एकच अडचण आहे. “फोडून नको हां, हाय तसा परत पायजे,” असं बजावून जमनाबाई निघायला उभी आहे आणि मी भित्रा मान डोलावून मोकळा झालो. तिला तिथला एखादा नवा ठोकळा दे. आणि त्यावर तारीख खरी घाल.

तुझाच,
भगवंत