अल्पशा आजाराने

४ फेब्रु.
एसटी येईपर्यंत स्टँडवर पाऊण पान झालं. बी.ए.च्या शेवटच्या पेपरनंतर आशूचं नि माझं ठरलं होतं : रोज लिहायचं, रविवारी फोनवर एकमेकींना वाचून दाखवायचं. तिचं लग्न झालं, मुलगी झाली, तरी मोडलं नाही.
फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला पोचले तर श्रद्धांजलीचे फलक साठलेले. मालक सलीमभाई म्हणाले, "या लेखिकाबाई. मयत वाट बघत बसल्यात." हसले. मग वाईट वाटलं.

९ फेब्रु., रवि.
आशूनं आज वाचलं नाही. सासूनं वही चुलीत घातली. "आता मनातच लिहिते गं. तू वाच, मी ऐकते." आवाज दबका. मधेच म्हणाली, "शेतात जाताना दाराला बाहेरनं कडी घालून जात्यात."
तुझ्या तात्यांना सांगू का?
"नको. बाप काय म्हणणार, घे निभावून."
फोन कट. माझं चिंचेच्या झाडावरचं वाचायचं राहिलं. बरं झालं.

१६, रवि.
फोन बंद.

१७ फेब्रु.
आशू मिरजेला दवाखान्यात. विष पोटात गेलंय. सासरचे सांगतात, खोकल्याचं औषध समजून प्याली. आत सोडलं नाही. जिन्यात बसून

२० फेब्रु.
गेली.

२१ फेब्रु.
काल हिरवी साडी, चुडा, ओटी. बायका म्हणत होत्या, "अहेव गेली, भाग्याची." तेवीस वर्षांची होती.

२६ फेब्रु.
तिच्या दिरानं दुकानाच्या फोनवर फोटो पाठवला. दहाव्याचा फलक. 'कै. सौ.' आणि पुढे 'अल्पशा आजाराने'. हा मजकूर मीच कधीतरी तयार करून ठेवलाय. सगळ्यांना तोच, फक्त नाव बदलायचं. आज नाव घातलं आणि ते दोन शब्द काढले.
सलीमभाईंनी पाहिलं. "मजकूर गिऱ्हाइकाचा असतो बेटा. आपण छापायचं."
मी नाही छापणार म्हटलं. त्यांनी स्वतः बसून छापला, शब्द परत घालून. नंतर चहा पाठवला. तसाच ठेवला.

२७ फेब्रु.
तात्या घरी आले. मी कुणाकडे काही बोलू नये म्हणून. "नात त्यांच्याकडं हाय. तू तोंड उघडलंस तर तिचं तोंड दिसायचं न्हाई मला." माझ्यापुढे वाकायला लागले, मी मागे सरले. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "ऐकलंस न्हवं? शिकीवलं ते ह्याच्यासाठी न्हाई." मग कशासाठी, हे विचारलं नाही. आई भाकरी थापत राहिली.

२ मार्च, रवि.
वाचून दाखवायला कुणी नाही. तरी आशूवर लिहायला बसले. फलकावरचेच शब्द येतात. प्रेमळ, मनमिळाऊ. मनमिळाऊ कसली. चिडकी होती. दुसऱ्याची पट्टी घ्यायची नि परत द्यायची नाही. मी उखडले की वर म्हणायची, "तुला सरळ रेघ कुठं येतीय?"
हे लिहिलं तेव्हा कुठे रडू आलं.

४ मार्च
पोलीस ठाण्यात आलेय, एकटी. घरी दुकानाचं सांगितलं. हवालदार म्हणाले, "सासरचे, म्हायेरचे, दोघंबी म्हणत्यात चुकून प्याली. तुमी कोण?"
मैत्रीण.
"सांगा, मी लिवून घेतो."
म्हटलं, मी लिहिते. कोरा कागद दिला. तारीख घातली, कडीपासून सुरू केलं. कुठे अडले नाही. इतकं सरळ आजवर लिहिलं नव्हतं.
वाचून ते म्हणाले, "सही नीट इचार करून करा. मी जेवून येतो." कागद टेबलावर त्यांच्या काचेखाली.
बाहेर आले तर बाकावर तात्या. कुणी सांगितलं कोण जाणे. मांडीवर आशूची मुलगी. आज सासरच्यांनी आपणहून आणून सोडली. "चार दिस ऱ्हाऊ द्या म्हणाले. गप ऱ्हायलात तर म्हैन्याच्या म्हैन्याला धाडतो म्हणाले." तात्यांनी सांगितलं. तेव्हापासून मान खाली.
मी शेजारी बसून हे लिहितेय. पोरगी लिहू देत नाही, सारखी पेन ओढतेय. पकड घट्ट आहे.
हवालदार आले. आतून सहीसाठी हाक मारतायत.