अनुदान आलं आणि खंडात गेलं

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. हे पत्र पोचेल तोवर तुमची कंबर ताळ्यावर आलेली असावी आणि मामींचा खोकला गेलेला असावा. इकडे सगळे खुशाल आहेत. मी सोडून. मला धक्का बसलाय. तसा ताप नाही, जेवण जातं, झोपही लागते (हिच्या मते जरा जास्तच लागते), पण चालता चालता मधेच थांबतो आणि "माझ्याच तोंडाने!" असं मोठ्याने म्हणतो. परवा बियाण्याच्या दुकानात म्हणालो, तर दुकानदाराने सुटे पैसे परत मोजले.

मी ज्यांची अकरा एकर जमीन खंडाने करतो, ते दातांचे डॉक्टर तुम्हाला आठवत असतील. आमच्या घरी आले होते तेव्हा त्यांनी तुमची दाढ बघायला मागितली होती आणि तुम्ही जेवण अर्धवट टाकून उठला होतात. त्यांनी दवाखाना बंद केला त्याला बरीच वर्षं झाली, पण रुग्णांची ती खुर्ची काही विकली नाही. आता स्वतःच तिच्यात बसतात. पायाशी पेडल आहे, दाबलं की खुर्ची वर येते, दुसरं दाबलं की पाठ मागे जाते. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि शस्त्रक्रियेला भितात (आयुष्यभर लोकांच्या तोंडात कानस घातलेला माणूस!), म्हणून दर रविवारी मी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. ते खुर्चीत, मी स्टुलावर. करारात हे कुठेही लिहिलेलं नाही. आपला चांगुलपणा. नऊ वर्षं मी त्यांना निधनवार्तांपासून गाद्यांच्या जाहिरातींपर्यंत सगळं वाचून दाखवलंय, आणि हा चांगुलपणाच मला नडला.

गेल्या वर्षी एका रविवारी पहिल्याच पानावर बातमी: जो स्वतः जमीन कसतो त्याला सरकार एकरी दोन हजार अनुदान देणार. मामा, एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? पान उलटून गाद्यांकडे वळला असता. मी ती बातमी दोनदा वाचली. वर "म्हणजे मला हो, डॉक्टर!" असा खुलासाही केला. अकरा दुणे बावीस हजार, हा गुणाकारसुद्धा मीच करून दिला.  डॉक्टरांनी पेडल दाबलं आणि खुर्ची कुरकुरत वर आली. मी अगदी खूश होऊन घरी गेलो आणि हिला म्हणालो, डॉक्टरांना माझं किती कौतुक आहे बघ.

पुढच्या रविवारी कळलं की खंड वाढला. कितीने? एकरी दोन हजाराने. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. मी आ वासला, आणि सवयीने डॉक्टरांनी खुर्चीवरचा दिवा माझ्याकडे वळवला. मी म्हटलं, अहो, मग मला काय उरलं? तर म्हणतात कसे, "तुझं होतं तेवढं आहेच की."

मी तडक शेतकी कार्यालयात गेलो. तिथे खिडकीत एक बाई बसतात, चष्मा साखळीला अडकवलेला. मला वाटलं, हकिकत ऐकून त्या खुर्चीवरून उठतील. त्या पेन्सिलीला टोक करत राहिल्या. म्हणाल्या, तुमच्या आधी सकाळपासून सहाजण हेच सांगून गेलेत. जमीन आहे तेवढीच, मागणारे जास्त, आणि पैसा दिला तो एकरावर. "एकराला दिलं की ते एकराच्या मालकाकडे जातं. तुमच्या हातातून जातं एवढंच." वर हेही म्हणाल्या की काही मालकांनी तर नुसती कुणकुण लागताच खंड वाढवला होता, तुमचे डॉक्टर आठवडाभर थांबले, म्हणजे सज्जन आहेत. मामा, मी तिथल्या बाकावर किती वेळ बसून होतो ते मला सांगता येणार नाही.

आता खरा कहर ऐका. या वर्षी सरकारने अनुदान निम्मं केलं. गावभर सुतकी चेहरे, आणि मी एकटा शीळ घालत डॉक्टरांकडे निघालो. कारण साधा हिशोब होता: दोन हजार आले तेव्हा खंड दोन हजारांनी चढला, तर एक हजार गेल्यावर तो एक हजाराने उतरेल. बातमी मी ठणठणीत आवाजात वाचली. डॉक्टरांनी दुसरं पेडल दाबलं. पाठ मागे गेली, पाय वर आले, आणि छताकडे बघत ते म्हणाले, "ठरलेल्या खंडात आता कशाला ढवळाढवळ?" शिवाय रस्त्यापलीकडच्या दूधवाल्यांना चाऱ्यासाठी जमीन हवीच आहे, आहे त्याच खंडाने. सोमवारपर्यंत सही कर, नाहीतर ते करतील.

म्हणजे आता दर एकरामागे एक हजार माझ्या खिशातून. विनोद बाजूला ठेवतो, मामा. ती जमीन घेतली तेव्हा नांगर दगडांवर उड्या मारायचा. ते दगड आम्ही दोघांनी हाताने वेचले, ही पोटुशी असताना. बांधावरची झाडं मी लावली. दूधवाले ती आल्या आल्या तोडतील. मला रडू येतं आणि रागही येतो. तरी सोमवारी मी सही करणार, हे डॉक्टरांना माहीत आहे, दूधवाल्यांना माहीत आहे आणि त्या खिडकीतल्या बाईंनाही माहीत असणार. ज्या माणसाने जमिनीला कधी हात लावला नाही, त्याने कसणाऱ्याच्या तोंडचा घास असा काढावा! लोकांना असं करायला मन कसं होतं, हेच मला समजत नाही.

मामींना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमचा,
हादरलेला भाचा

ता. क. आईच्या वाट्याची, म्हणजे ती गेल्यापासून माझी, तुमच्याकडची तीन एकरं तुम्ही इतकी वर्षं कसता, त्याचा खंड आईने ठरवला तोच चालू आहे. मागच्या पत्रात तुम्ही सहज लिहिलं होतंत की अनुदान तुम्हालाही मिळालं आणि त्यातून विहिरीवरची मोटर दुरुस्त करणार आहात. वाचून आनंद झाला. तर खंड एकरी दोन हजाराने वाढवावा म्हणतो. अनुदान आता निम्मं झालंय हे खरं, पण करारात जुनाच आकडा धरायची सगळीकडे पद्धत दिसते. मोटर काय, पुढच्या वर्षीही होईल.

ता. क. दुसरा. कराराचा कागद सोबत जोडलाय. सही कुठे करायची तिथे फुली मारली आहे. तुमच्या शेजाऱ्यांचा मला दोनदा फोन येऊन गेला, पण घरचा माणूस म्हणून आधी तुम्हाला विचारतोय. सोमवारपर्यंत कळवावे.

मामांना भाचेसुनेचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी लिहिते. कराराचा कागद मी काढून घेतलाय, पाठकोरा होता, धाकटीला गणितं करायला दिला. तुम्ही मोटर दुरुस्त करून घ्या आणि खंड आहे तोच राहू द्या. सासूबाई आपल्या मुलाला ओळखून होत्या, म्हणून ती तीन एकरं त्यांनी माझ्या नावावर केली. साक्षीला तुम्हीच होतात, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको. यांना मात्र सांगायचं राहून गेलंय. सांगीन, पण सोमवारची डॉक्टरांकडची सही होऊन जाऊ दे. एका आठवड्यात दोन धक्के त्यांना झेपायचे नाहीत.