धांगडधिंगा, दिवसातून दोनदा

४ मार्च
आज घरात एक गाणं शिरलं. फिजिओथेरपिस्टबाई मोबाइलमधून घेऊन आल्या. रेगेटॉन म्हणे! धुम्-च-धुम्-चक्, धुम्-च-धुम्-चक्, साडेतीन मिनिटं तेच. वर एक बाप्या नाकात गातो आणि दर दोन ओळींनी कुणीतरी किंचाळतं. भाषा परकी, पण अर्थ कळायला अक्कल लागत नाही — कंबर हलवा, अजून हलवा, संपलं.

बाबांचा कंपवात आता पायांत उतरलाय. दारात आले की पाय जमिनीला खिळतात, दहा-दहा मिनिटं. "काका, ठोक्यावर पाऊल टाकायचं," बाई म्हणाल्या. मला म्हणाल्या, "काका चालत असताना गाणं मध्येच बंद करू नका हं." सकाळ-संध्याकाळ, औषधासारखं! बाईंना संगीतातलं ओ की ठो कळत नाही. वीस वर्षं मी मुलांना व्हायोलिन शिकवतेय आणि माझ्याच घरात हा धांगडधिंगा.

५ मार्च
कानातले किडे झडले. बाबांना विचारलं, बंद करू का? "राहू दे गं. बरं आहे." बरं आहे म्हणे! माझ्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून घोरणारा माणूस.

८ मार्च
शेवटी व्हायोलिन काढलं. चांगली संथ, घरंदाज रचना वाजवली. बाबा दारात उभे राहून डोळे मिटून ऐकत होते. पाऊल काही उचललं नाही. मी संपवल्यावर म्हणाले, "छान वाजवतेस. आता ते लाव."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ मार्च
लावलं. खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत — दोन्ही दारं ओलांडून, न थांबता! वर खांदेही उडवत होते, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. बाई टाळ्या पिटत होत्या. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू? पण त्यात त्या गाण्याचं काय कौतुक? मी पातेलं बडवलं असतं तरी चाललं असतं.

११ मार्च
भांडी घासताना गुणगुणत होते. मी! तेच! शी.

१४ मार्च
संध्याकाळी बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर आमच्या संगीतशाळेच्या मुख्याध्यापिका. माझ्या घरातून हे असलं ऐकू जातंय! धावत जाऊन आधी मोबाइल बंद केला. बाबा तेव्हा आतल्या बोळात चालत होते. त्यांचे पाय थांबले, अंग पुढे गेलं.

मुख्याध्यापिकांनीच अॅम्ब्युलन्स बोलावली.

१५ मार्च
खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं. "कसे पडले?" डॉक्टरांनी विचारलं. "पाय अडकला," बाबाच म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कशासाठी पाडलं मी त्यांना — मुख्याध्यापिकांचे चार शब्द ऐकावे लागू नयेत म्हणून!

१८ मार्च
आज वॉकर धरून उभं केलं. पाय खिळलेले. वॉर्डात गाणी लावायला बंदी, नर्सने मोबाइल बाजूला ठेवायला लावला. मग मीच तोंडाने सुरू केलं, सगळ्या वॉर्डासमोर. धुम्-च-धुम्-चक्. ती किंकाळीसुद्धा मारली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले.

बाबा म्हणाले, "लय पळतेय तुझी. सावकाश."

खरंच पळत होती. सावकाश घेतलं, आणि त्यांनी पाऊल टाकलं.