पाळीच्या खर्चाची तजवीज

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, इस्पितळाच्या धुलाईखान्यातून निवृत्त झालेली कामगार, राहणार इस्पितळामागची कामगार वसाहत, दुसरा मजला, जिन्यालगतच्या दोन खोल्या, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते या कागदावर लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले आणि शेवटी म्हणाल्या, "मन उदास असतं का, आजी?" मी म्हटले, "नाही. काहीच वाटत नाही." ते त्यांनी दाखल्यात घेतलेले नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे.

कलम १. हे आत्ताच का लिहिले

मला दोन अपत्ये. थोरला मुलगा, धाकटी मुलगी. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, विमा कंपनीत आहे, महिन्यातून एकदा भेटायला येतो आणि येताना फळे आणतो. मुलीला आम्ही घरात चिमणी म्हणतो. तिच्या नवऱ्याने तिला टाकल्यापासून ती आणि तिची मुलगी, म्हणजे माझी नात, माझ्याजवळ राहतात.

मागच्या महिन्यात मुलाने फळांबरोबर एक कागद आणला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"आई, इथं सही कर. खोल्या माझ्या नावावर झाल्या की विकून टाकतो आणि तुला माझ्याकडे नेतो."

"आणि चिमणी?"

"तिचं काय? कमावते आहे की. घेईल कुठेतरी भाड्यानं. माझे हप्ते आहेत, पोरांच्या फिया आहेत. तिला कसले खर्च?"

मी चष्मा सापडत नाही असे सांगून सही टाळली. चष्मा नाकावरच होता. दुसऱ्या दिवशी मी वकीलसाहेबांकडे गेले.

कलम २. दोन खोल्या

या खोल्या माझ्या एकटीच्या नावावर आहेत. कामगारांच्या सोसायटीने त्या दिल्या आणि माझ्या पगारातून हप्ते कापून घेतले. त्यात दिवंगत पतींचा किंवा मुलाचा एक छदामही नाही. या दोन्ही खोल्या, मोरी, गॅलरी आणि गॅलरीतल्या वाळत घालायच्या दोऱ्यांसह, मी माझ्या मुलीला देते. पूर्णपणे, तिच्या हयातीत आणि त्यानंतरही तिच्या मर्जीप्रमाणे.

वकीलसाहेब म्हणाले की कारण लिहिण्याची गरज नाही. मी लिहिते, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये की म्हातारीचे कान फुंकले.

धुलाईखान्यात आम्ही शस्त्रक्रियेची कापडे, चादरी आणि गादीवरची जाड आच्छादने धुवायचो. त्यातली बहुतेक रक्ताने भरलेली असायची. आधी गार पाणी, मग सोडा, मग यंत्र. रक्ताला पहिल्यांदाच गरम पाणी लागले तर डाग कायमचा बसतो. बायकांना रबरी बूट आणि एप्रन मिळत. संडास मुख्य इमारतीत होता. तिथे जायचे तर मुकादमाला सांगून जावे लागे, आणि परत आलो की तो घड्याळाकडे बघे. त्यामुळे पाळीच्या दिवसांत आम्ही सकाळी बांधलेले कापड सुटीपर्यंत बदलत नसू. मांड्या सोलवटायच्या. घरी जाताना पाय फाकवून चालायचो आणि गुडघे दुखतात असे सांगायचो. आता ते खरेच दुखतात.

पाळीच्या पॅडची पाकिटे दुकानात मिळत होती. मी माझा पगार पतींच्या हातात देत असे, त्यामुळे पाकिटासाठी त्यांच्याकडे मागावे लागे. ते म्हणायचे, "पुन्हा? आत्ताच तर दिले होते." दर महिन्याला त्यांना आश्चर्य वाटत असे. मग मी मागणे सोडले. विटलेल्या चादरी भट्टीत जाळायला पाठवत. त्यातली एखादी मी धुऊन, घडी करून घरी न्यायची आणि फाडून कापडे करायची. चिमणी मोठी झाली तेव्हा एका चादरीत दोघींचे भागेनासे झाले. कापडे गॅलरीत परकराखाली वाळत घालावी लागत. तिथे ती धड वाळत नसत. चिमणीला खाज सुटायची. तिने ते कधी बोलून दाखवले नाही, मला तिच्या बसण्यावरून कळायचे.

त्या वर्षी इस्पितळातून टॉवेल चोरीला जाऊ लागले म्हणून फाटकावर पिशव्या तपासायला लागले. माझ्या पिशवीत चादर निघाली.

"ही कुणाची?" पहारेकऱ्याने विचारले.

"कुणाची नाही. जाळायच्या गठ्ठ्यातली."

त्याने मुकादमाला बोलावले. मुकादम म्हणाला, "घरात अंथरायला नाही काय?"

"अंथरायला नको. पाळीला हवी."

सुटी झाली होती. माझ्या मागे पुरुष आणि बायकांची रांग होती. पहारेकऱ्याने हातातली चादर टेबलावर टाकली आणि हात पॅन्टला पुसला. चादर स्वच्छ होती. मीच धुतली होती.

माझा आठवड्याचा पगार कापला आणि चादर भट्टीत गेली.

त्याच आठवड्यात चिमणीची आठवीची वार्षिक परीक्षा होती आणि तिची पाळी आली. घरात उरलेली कापडे धुऊन धुऊन जाळीसारखी झाली होती. मी पतींकडे पाकिटाचे पैसे मागितले.

ते म्हणाले, "तुझा आठवडा गेला, वर हे?"

"चिमणीची परीक्षा आहे."

"माझ्या आईनं कधी पाकीट आणलं नाही. तिला सहा पोरं झाली."

हे कशाचे उत्तर होते ते मला आजही कळलेले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मुलाच्या सायकलला नवा टायर घातला. टायर फाटलाच होता, हे मी नाकारत नाही.

चिमणी पहिल्या पेपरला गेली. मध्येच तिने बाहेर जाण्याची परवानगी मागितली. मास्तर म्हणाले, घंटा होईपर्यंत कोणी उठायचे नाही. ती बसली. घंटा झाली, मुले गेली, तरी ती बसूनच राहिली. शेवटी शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा उठली आणि दप्तर मागे धरून घरापर्यंत चालत आली. बाकावर राहिले ते शिपायाने पुसले असणार. पुढच्या पेपरांना ती गेली नाही. "पोट दुखतंय," म्हणाली. मी तिला चहा करून दिला.

निकाल लागल्यावर पती म्हणाले, "परत तीच फी कशाला भरायची? तुझ्याबरोबर ने."

काही महिन्यांनी ती माझ्या शेजारच्या यंत्रावर उभी राहिली. एप्रन तिला घोट्यापर्यंत यायचा. गणितात ती भावाच्या पुढे होती. भाऊ हे अजूनही हसत हसत कबूल करतो.

खोल्या मुलीला देण्याचे कारण एवढेच आहे.

कलम ३. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

चिमणी कामात जुनी झाल्यावर तिने एकदा महिन्याच्या बैठकीत मेट्रनबाईंना विचारले, "जाळायच्या चादरी आम्हालाच का देत नाही?"

मेट्रनबाई म्हणाल्या, "लेखी द्या."

चिमणीने अर्ज लिहिला. सह्या मागायला गेली तर बायका म्हणाल्या, "तुझं तू बघ बाई, आमचं नाव नको." मी सही केली. आम्हा दोघींच्याच सह्यांनी अर्ज गेला आणि मंजूर झाला. चादरी वाटायच्या दिवशी, ज्यांनी सही केली नव्हती त्या रांगेत पुढे होत्या. चिमणीने त्यांना पुढेच राहू दिले. पुढे मेट्रनबाई बदलून गेल्या आणि नव्या भांडारपालाने चादरी पुसणी विकणाऱ्या व्यापाऱ्याला देऊन टाकल्या. ते तिथेच संपले.

आता चिमणी तिथली मुकादम आहे. तिच्या टेबलाच्या खणात पाकिटे असतात. ती तिच्या पगारातून येतात. ज्या बाईला लागेल तिने न विचारता घ्यायचे, अशी रीत तिने पाडली आहे. संडासला जाणाऱ्या बाईकडे ती मान वर करून बघत नाही. मुलाने विचारले होते, तिला कसले खर्च. हे खर्च.

वकीलसाहेबांनी हे ऐकून मला विचारले, "तुम्हाला राग येत नाही का?" धुलाईखान्यात इतकी वर्षे काढल्यावर माझ्या हातांना गरम-गार कळत नाही. उकळत्या भांड्याला हात लागला तरी वास आल्यावर समजते. रागाचेही तसेच झाले असावे. मी त्यांना म्हटले, "पुढचं कलम घ्या."

कलम ४. कपाट आणि पतींची हत्यारे

माझे दिवंगत पती कुलपे दुरुस्त करीत. आतल्या खोलीतले लोखंडी कपाट आणि त्याचे कुलूप त्यांच्याच हातचे. माझा पगार त्यात जायचा आणि किल्ली त्यांच्या कमरेला असायची. हे कपाट, त्यांच्या कानशी, पकडी, लोखंड आवळून धरायचा शेगडा आणि मनगटी घड्याळ मी मुलाला देते. कपाट जड आहे. न्यायला चार माणसे लागतील, त्याची सोय त्याने करावी.

पती वाईट नव्हते. त्यांनी माझ्यावर हात उगारला नाही. मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसत. माझी पाळी कायमची गेली त्यानंतर काही महिन्यांनी ते एकदा म्हणाले, "हल्ली काही मागत नाहीस. बरी आहेस ना?" म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते आणि ते मोजतही होते. मी म्हटले, "बरी आहे." त्यांनी मान हलवली आणि कानस उचलली. या विषयावर ते आपणहून बोलले ते तेवढेच. हे मी कोणत्या बाजूला मांडावे, ते मला ठरवता आलेले नाही.

कलम ५. बँकेतली रक्कम

बचत खात्यात जे निघेल ते मुलाला आणि मुलीला निम्मे निम्मे. मुलाने खोल्यांबद्दल कज्जा केला तर त्याचा निम्मा वाटा रद्द होऊन मुलीला जाईल. कज्जा केला नाही तर त्याने पूर्वीसारखे महिन्यातून एकदा यावे. बहिणीच्या घरी जेवावे. फळे आणली नाहीत तरी चालेल.

कलम ६. किरकोळ

शिवणयंत्र मुलीला. स्टीलचे मोठे पातेले तिलाच, त्याचा कान तुटला आहे, जपून उचलावे. रबरी बूट कोणाला आले तर द्यावेत. पोट शेकायची गरम पाण्याची पिशवी जिन्यापलीकडच्या शेजारणीने नेली ती परत केलेली नाही. आता ती तिचीच समजावी. मात्र तिने माझ्या मागे येऊन "आमचं किती बहिणी-बहिणीसारखं होतं" असे रडू नये.

कलम ७. नातीची ठेव

निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम मी मुदत ठेवीत ठेवली आहे. ती मोडू नये. तिचे व्याज दर महिन्याला माझ्या नातीच्या खात्यात तिच्या पाळीच्या खर्चासाठी जमा व्हावे. खर्च म्हणजे पाकिटे, गोळ्या, साबण, एखादी जास्तीची चड्डी, लांबून चालत येण्याऐवजी रिक्षा, आणि पाय पोटाशी घेऊन निजायचे असेल तर त्या दिवसाची बुडालेली कमाई. तिच्याकडे पावती मागू नये. ती आईने मागू नये, मामाने मागू नये, पुढे तिचा नवरा झाला तर त्यानेही मागू नये. पैसे उरले तर तिने सिनेमा बघावा.

मी हे नातीला वाचून दाखवले. ती बारा वर्षांची आहे. ती म्हणाली, "आजी, माझी पाळी जाईल तेव्हा काय?"

"तेव्हाही चालू राहील."

"मग तेव्हा कशासाठी?"

"तेव्हा कशासाठीच नाही. नुसते."

ती म्हणाली, "बरं," आणि अभ्यासाला बसली.

कलम ८. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी करील. याआधी मी कोणताही असा कागद केलेला नाही. मुलाच्या कागदावर सही केलेली नाही, आणि पुढे ती कोठे आढळली तर ती माझी नाही. हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, मी ऐकले आणि मला ते कबूल आहे. म्हणून खालील दोन साक्षीदारांदेखत मी, आणि माझ्या व एकमेकांदेखत त्यांनी, सह्या केल्या.

स्थळ: वर लिहिलेल्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली
दिनांक: वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे तोच

सही: लिहून ठेवणारी (अंगठा नव्हे, सही आहे)

साक्षीदार १: तळमजल्यावरचे घड्याळजी. सही.
साक्षीदार २: इस्पितळाच्या औषधखान्यातल्या निवृत्त परिचारिका. सही.

खाडाखोडीबाबत टीप: कलम ७ मध्ये वकीलसाहेबांच्या टंकलेखकाने "स्त्रियांच्या वैयक्तिक गरजांसाठी" असे शब्द घातले होते. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, पाळी असं लिहिलंत तर उद्या ते भर कोर्टात मोठ्यानं वाचतील. आहे ते बरं दिसतंय." घड्याळजी खिडकीबाहेर बघत होते. ते शब्द मी माझ्या हाताने खोडले असून त्यांच्या जागी "पाळीच्या खर्चासाठी" असे लिहिले आहे. ही दुरुस्ती मला मान्य आहे. शेजारी माझी सही आहे.